वाईनं वाईचं काम केलंच नाही

मेणवलीचा घाट. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. कृष्णेवर अजून धुकं आहे आणि खालच्या पायरीवर एक काकी चादर आपटताहेत. मागे नाना फडणवीसांचा वाडा. देवळापाशी वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा.

हा घाट तुम्ही पाहिलाय, फक्त नाव वेगळं होतं. २००४च्या ‘स्वदेस’मध्ये हे उत्तर प्रदेशातलं चरणपूर. ‘गंगाजल’मध्ये हाच मुलूख बिहारचा झाला, ‘दबंग’मध्ये वाईचं लालगंज झालं. इतकी कामं केली, पण वाई म्हणून? बहुतेक नाहीच.

सिनेमाच्या धंद्यावरचे सिनेमे आपल्याकडे आहेत. ‘कागज के फूल’मध्ये दिग्दर्शकाची शोकांतिका आहे. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरून केलेल्या ‘भूमिका’मध्ये नटीची फरफट आहे. दोन्ही मोठेच. पण या घाटावर बसून आठवतो तो परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ उभा करताना दादासाहेब फाळक्यांची काय त्रेधा उडाली, ते त्यात हसत हसत येतं. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे साळुंके पातळ नेसून उभे राहिले. आणि कुठं कामाला जातोस असं कुणी विचारलंच, तर सिनेमाचं नाव काढायचं नाही, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत जातो म्हणायचं! सिनेमात जाणं म्हणजे तेव्हा घराण्याला बट्टा.

इथे आता उलटं. शूटिंग लागलं की गाव आदल्या रात्रीच दाढी करून तयार. मॉबमध्ये उभं राहायचं, दिवसभर ऊन खायचं, ‘पीछे मत देखो’ ऐकायचं आणि पिक्चर आल्यावर आपली पाठ शोधायची.

सेटची भिंत पुढून दगडी दिसते. मागे जाऊन बघा: प्लायवूड, बांबू, सुतळी आणि सावलीला पेंगणारा लाइटमन. इथल्या पोरांनी सिनेमा आधी असा मागून पाहिलाय. ‘स्वदेस’मध्येही गावात पिक्चर दाखवतात, तेव्हा काही माणसं पडद्याच्या मागच्या अंगाला बसलेली असतात. त्यांना सगळं उलटं दिसतं.

काकींची चादर पिळून झाली. आम्ही विचारलं, ‘काकी, तुम्ही कुठल्या पिक्चरमध्ये होता?’

‘मी न्हाई बाबा. आमची म्हस व्हती. दोन दिस.’

‘कुठला पिक्चर?’

‘काय की. हिंदी व्हता.’