सिलिंडर नव्हे, नळी बोलतेय!

सिलिंडरवरची ही चिठ्ठी पाहा. नायट्रोजन, ९९.९९९९ टक्के. गॅसवाले याला ‘सिक्स नाइन’ म्हणतात. सगळी भेसळ मिळून दहा लाखांत फार तर एक भाग. चिप बनवणाऱ्या कारखान्यांना तेवढीही चालत नाही. तिथे पाण्याची वाफ अब्जात किती भाग, हे विचारतात.

आणि ही वाफ तर चहूकडे आहे! मुंबईत पावसाळ्यात ३० अंशांच्या दमट हवेत दहा लाखांत तीस हजारांहून जास्त भाग पाणीच असतं. सिलिंडरमधला गॅस ओल मोजणाऱ्या यंत्रापर्यंत नळीतून जातो. नळीतला दाब बाहेरच्या पाचपट असला तरी ही ओल आत शिरते. नवल वाटेल, पण वाफेला एकूण दाबाशी देणंघेणं नसतं. बाहेर ती भरपूर, आत जवळपास शून्य. मग प्लास्टिकच्या नळीतून ती झिरपत येणारच. म्हणून इथे प्लास्टिकला मज्जाव. नळी स्टेनलेस स्टीलची, आतून इलेक्ट्रोपॉलिश करून गुळगुळीत केलेली.

तरी पाणी स्टीललाही चिकटतंच. जोड मिनिटभर उघडा राहिला, तर आत बसलेली ओल सुटायला कित्येक तास जातात. व्हॉल्व्ह बंद करायचा, शुद्ध गॅस भरायचा, सोडून द्यायचा. पुन्हा भरायचा, पुन्हा सोडायचा. मग हीटिंग टेप गुंडाळून नळी तापवायची. यंत्राच्या पडद्यावर हळूहळू उतरणारा ओलीचा आकडा अजून नळीचाच आहे. घाईत तोच अहवालात गेला, तर चांगला माल नापास होतो. या कामातलं खरं कसब मला इथेच दिसतं.

यंत्रही देखणं आहे. अर्ध्या मीटरच्या पोकळीत समोरासमोर दोन आरसे. दर परावर्तनात प्रकाशाचा जेमतेम दहा हजारावा भाग वाया जातो. लेसर आत सोडून झटकन बंद केला, की अडकलेला प्रकाश येरझारा घालत सरासरी पाच किलोमीटर धावतो. विझायला लागतात सुमारे १७ मायक्रोसेकंद. वाफ असेल तर ती प्रकाश शोषते, आणि तो आधीच विझतो. मोजायचा तो हा वेळ, त्यामुळे लेसर थोडा कमी-जास्त झाला तरी बिघडत नाही. ओकीफ आणि डीकन या शास्त्रज्ञांनी ही पद्धत १९८८ मध्ये मांडली.

आता हाच नायट्रोजन प्युरिफायरमधून नेऊन पुन्हा मोजतात. वाफ काढून टाकल्यावरही जो आकडा उरतो, तो यंत्राचा आणि नळीचा. आधीच्या आकड्यातून तो वजा करतात, आणि मगच उरलेली ओल सिलिंडरच्या नावावर लिहितात.