घासलेली नळी, न घासलेलं पोलाद

(पडद्यावर: काळ्या कापडावर उभी चिरलेली रायफलची नळी. कॅमेरा मागच्या टोकापासून हळूहळू पुढे सरकतो.)

ही .303 रायफलची नळी. लांबी 640 मिलिमीटर, भोक 7.7 मिलिमीटरचं. मधोमध उभी चिरलेली आहे, म्हणून आतलं सगळं उघडं दिसतं. आत पाच खाचा आहेत, डावीकडे पीळ घेत गेलेल्या. 254 मिलिमीटरला एक पूर्ण फेरा. म्हणजे तोंडातून बाहेर पडेपर्यंत गोळी जेमतेम अडीच गिरक्या घेते.

आता मागं चला. काडतूस बसतं त्या जागेच्या लगेच पुढं पाहा. खाचांच्या कडा इथं जवळजवळ पुसल्या गेल्यात, आणि पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं आहे. चैत्रात काळ्या रानाला पडतात, तशाच भेगा. फक्त बघायला भिंग लागतं.

पुष्कळांना वाटतं, गोळी घासून घासून नळी झिजते. इथली झीज मुख्यत्वे गोळीची नाही, वायूची आहे. या काडतुसांत कॉर्डाइट नावाची दारू असे. सुरुवातीच्या कॉर्डाइटमध्ये 58 टक्के नायट्रोग्लिसरीन होतं. ते इतकं तापून जळे की नळ्या फार लवकर खराब होऊ लागल्या, म्हणून नंतर हे प्रमाण 30 टक्क्यांवर आणलं. प्रत्येक बाराला पोलादाचा वरचा पातळ थर क्षणात तापतो आणि क्षणात निवतो. तापणं-निवणं हजारो वेळा झालं की तो थर तडकतो, आणि पुढचा वायू त्याचे कण उडवून नेतो.

(पडद्यावर: नळीचं तोंड, जवळून.)

तोंडाकडची झीज वेगळी. नळी साफ करायला दोरीला चिंधी बांधून ओढतात. दोरी तिरकी ओढली की ती रोज एकाच बाजूला घासते. विहिरीच्या काठच्या दगडाला दोरानं खाच पडते, तोच प्रकार. भोक तोंडाशी अंडाकृती झालं की गोळी बाहेर पडताना कलते. मागची नळी ठणठणीत असली तरी नेम गेला.

तिसरा शत्रू गंज. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर मागं क्षार उरतो, मिठाचा भाऊबंदच. तो हवेतला ओलावा ओढतो. नुसत्या तेलानं तो विरघळत नाही, म्हणून आधी उकळतं पाणी ओतायचं, नळी कोरडी करायची आणि मग तेल लावायचं. हा क्रम चुकला की आत खड्डे पडतात.

झीज कुठं आहे ते नीट लक्षात घ्या: मागचे काही इंच, तोंडाचा काठ आणि आतला पातळ थर. या कातडीच्या बाहेरचं पोलाद जसंच्या तसं आहे.

लष्करानं हे फार पूर्वी ओळखलं होतं. अशा रायफली सरसकट फेकल्या जात नसत. काहींवर 'डीपी' (ड्रिल पर्पज, म्हणजे फक्त कवायतीसाठी) असा शिक्का मारून त्या कवायतीला दिल्या. खांद्यावर घेऊन चालायचं, सलामी द्यायची. त्याला नळी घासलेली असली काय आणि नसली काय. काहींच्या नळ्या आतून मोठ्या करून त्यात .22 ची नवी बारीक नळी बसवली आणि स्वस्त काडतुसांवर नेमबाजी शिकवली. भारतात काही रायफली .410 च्या गुळगुळीत नळीच्या मस्केट झाल्या. त्यांत एका वेळी एकच काडतूस, आणि त्या पहाऱ्याच्या शिपायांकडे गेल्या. काहींच्या नळीवर तार गुंडाळून त्या हातबॉम्ब फेकायला ठेवल्या. तार एवढ्यासाठी, की नळी फुटलीच तर तुकडे शिपायाच्या तोंडावर येऊ नयेत. प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारला गेला: नव्या कामाला नळीचा कोणता गुण लागतो, आणि तो अजून शाबूत आहे का?

(पडद्यावर: जुन्या वाड्याचा माळा. धूळ, तुटकी पेटी.)

मराठवाड्यात एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर अशी नळी सापडली तर? आधी कायदा. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचा सुटा भागही शस्त्रच धरला आहे. त्याच कायद्याचं कलम 6 सांगतं, परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हाच गुन्हा. वर .303 हा सामान्य माणसाला प्रतिबंधित बोअर. त्यामुळे 'घासलेलीच आहे, दोन तुकडे करून लोहाराला देऊ' हा विचार मनातसुद्धा आणू नका. आत काडतूस अडकलंय का, हेही हौसेनं तपासू नका. हात न लावता पोलीस ठाण्याला कळवा.

म्हणून भंगारातून अवजारं करणाऱ्या आपल्याकडच्या लोहाराच्या भट्टीवर बंदुकीची नळी येत नाही. येतात तिचे नातेवाईक: ट्रकचा पाटा, अॅक्सल, जीपची स्प्रिंग, बेअरिंगचं कडं, रुळाचा तुकडा. जुन्या लष्करी नळीचं पोलाद मध्यम कार्बनचं, आणि यातला बराच माल त्याच घराण्यातला किंवा थोडा वरचढ. तेही सगळे झिजूनच भंगारात आलेले.

(पडद्यावर: रस्त्याकडेची भट्टी. भात्याच्या जागी विजेचा पंखा. भंगाराचा ढीग.)

ढिगातून काय उचलायचं, इथंच निम्मं काम आहे. बांधकामाची सळई सगळ्यात सहज मिळते. जालन्यात तर गल्लोगल्ली. पण तिच्यात कार्बन साधारण पाव टक्का. लाल करून तेलात बुडवली तरी हवी तेवढी कडक होत नाही. सळईची पहार करणारे करतात, आणि मुरमात दोन घाव घातल्यावर वाकलेलं टोक घेऊन परत येतात. पाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर, त्यामुळे विळा, कुऱ्हाड, कुळवाची पास यांना तो चांगला. बेअरिंगच्या कड्यात जवळजवळ एक टक्का. धार अप्रतिम धरतं, पण जरा जास्त तापलं की काचेसारखं.

ग्राइंडरवर ठिणग्या पाहून अंदाज येतो. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ. कार्बन वाढेल तशा त्या आखूड होतात आणि टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. तरी खात्रीची परीक्षा वेगळी. करंगळीएवढा तुकडा लाल करा, बुडवा आणि कानस लावून पाहा. कानस काचेवरून जावी तशी घसरली पाहिजे. मग चिंधीत गुंडाळून हातोड्यानं तोडा. तुटलेल्या जागी राखेसारखा बारीक कण दिसला तर ताप बरोबर होता. साखरेसारखा चमकला तर जास्त झाला.

दोन गोष्टी भट्टीत कधीच घालू नयेत. पहिली, दोन्ही टोकं बंद असलेली कोणतीही नळी. मोटारसायकलचा शॉकअब दिसायला चांगला पाइप, पण आत तेल आणि कधी दाबाखालचा वायू असतो. तापला की तो बॉम्बच. दुसरी, जस्त चढवलेला पाइप. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

आणि पोकळ माल ठोकून भरीव करायचा मोह टाळा. बाहेरून भोक बुजलेलं दिसतं, आत मात्र खपली, म्हणजे तापलेल्या लोखंडाचा जळका पापुद्रा, अडकून राहते. सांधा जुळवायला घालतात तो टाकणखार तिथं पोचत नाही आणि सांधा जुळत नाही. कडक करताना अवजार नेमकं त्या रेषेवर उभं फाटतं. रायफलची नळी ठोकून भरीव केली तरी हेच होणार.

(पडद्यावर: जीपची स्प्रिंग. आरीनं वेटोळं कापलं जातं.)

आता एक टाकी करू. टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी. आपल्या काळ्या दगडावर मऊ टोक टिकत नाही आणि ठिसूळ टोक तुटतं, म्हणून पाण्याची, म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कडक करण्याची, खरी परीक्षा इथंच होते.

स्प्रिंग 12 ते 14 मिलिमीटर जाड घ्या. मोडलेली असेल तर मोडलेल्या जागेपासून दोन्हीकडे 50 मिलिमीटर फेकून द्या, कारण ती थकून तुटलेली असते आणि शेजारी न दिसणारे तडे असतात. उरलेल्यावर रॉकेल लावा, कोरडं पुसा, वर खडू घासा. थोड्या वेळानं खडूवर ओली रेघ उमटली तर तो तुकडा बाद. ही पाच मिनिटं वाचवणारा पुढं तासभर घाम गाळतो आणि शेवटी दोन तुकडे हातात घेऊन बसतो.

एक वेटोळं कापून नारिंगी होईपर्यंत तापवा आणि ऐरणीवर सरळ करा. 180 मिलिमीटरचा तुकडा तोडा. टोकाचे 40 मिलिमीटर चौकोनी निमुळते काढा. रंग मंद लाल झाला की ठोकणं थांबवा. निवत आलेल्या पोलादावर घण घातला की आत चीर जाते. आकार झाला की पुन्हा लाल करून राखेत पुरा आणि रात्रभर तसंच राहू द्या.

(पडद्यावर: सकाळ. टोकाशी चुंबक धरला जातो.)

सकाळी टोकाकडचे 70 मिलिमीटर तापवा. चुंबक धरणं सोडतो तो साधारण 770 अंशांचा टप्पा. त्याहून थोडं पुढं, पिकलेल्या करवंदाच्या नव्हे, तर वाळल्या लाल मिरचीवर ऊन पडावं त्या रंगापर्यंत. हा रंग सावलीतच ओळखू येतो. भर उन्हात भट्टी लावणारा हमखास जास्त तापवतो.

टोकाचे 25 मिलिमीटरच तेलात बुडवा आणि वरखाली हलवत राहा. एका पातळीवर स्थिर धरलं तर बरोबर त्या रेषेवर तडा जातो. तेल आधी 50 अंशांपर्यंत कोमट करून घ्यायचं. पातळ तेल अंगाला नीट लागतं. आपल्याकडं मे महिन्यात त्यासाठी फारसं सरपण जाळावं लागत नाही. पाण्यात बुडवायची घाई करू नका. स्प्रिंगचं पोलाद पाण्यात फार झपाट्यानं निवतं, आणि हिवाळ्यातल्या गार पाण्यात तर 'टिक्' असा आवाज येतो. तो ऐकला की पहिल्यापासून सुरुवात.

(पडद्यावर: टोक, अगदी जवळून. दगडानं घासून चकचकीत केलेलं.)

बाहेर काढून टोक पटकन दगडावर घासा. मागच्या भागात अजून उष्णता आहे, ती पुढं सरकते आहे. पाहा: आधी गव्हाच्या काडाचा पिवळा, 230 अंशांच्या आसपास. मग तपकिरी. त्यामागून जांभळा, 280 च्या जवळ. जांभळा टोकाला पोचला की सगळी टाकी तेलात. निळा पोचू दिला तर दगडावर टोक चपटं होईल. पिवळ्यावरच थांबलात तर कपची उडेल, आणि ती डोळ्याकडेही येऊ शकते. चष्मा घाला.

डोक्याकडचा भाग मुद्दाम मऊच ठेवायचा. हातोडा तिथं बसतो. मऊ डोकं मार खाऊन पसरतं, त्याच्या कडा फुलासारख्या बाहेर वळतात. त्या वेळोवेळी घासून काढायच्या.

काम लागेल तसं टोक बोथट होणार आणि टाकी पुन्हा भट्टीवर येणार. दर फेरीला टोकाचा कार्बन थोडा जळतो, म्हणून पुढचे काही मिलिमीटर घासून मगच नव्यानं पाणी द्यायचं. अशी घटत घटत ती 100 मिलिमीटरच्या खाली आली की मुठीत धरवत नाही, हातोडा बोटांवर बसतो. मग तिचं टोक चपटं करून पाचर काढतात आणि कुदळीच्या ढिल्या दांड्यात ठोकून बसवतात.