एक मिलिमीटर

जुन्या मोहिमांच्या नकाशांत पलटणी म्हणजे रंगीत चौकोन, आणि लढाई झाली तिथे एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन तलवारी. चौकोनातली किती माणसं घरी परतली, हे सहसा कळत नाही. या नकाशात कळतं.

१८६९, पॅरिस. विषय नेपोलियनच्या १८१२च्या रशियावरच्या स्वारीचा. काढणारा शार्ल जोसेफ मिनार, वय ८८. रस्ते, पूल, कालवे यांत हयात घालवलेला इंजिनिअर.

डावीकडे नेमन नदी, तेव्हाची रशियाची सरहद्द. तिथून तांबूस पट्टा पूर्वेकडे निघतो. रुंदीचा एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार माणसं. निघाली ४,२२,०००, म्हणजे पट्टा चार सेंटिमीटरहून रुंद. बोट ठेवून उजवीकडे सरकत जा, बोटाखाली तो निमुळता होत जातो. मॉस्कोत पोचली १,००,०००.

इथे जरा थांबू या. रशियाच्या थंडीने ही फौज खाल्ली, असंच आपण ऐकत आलोय. पण मॉस्को गाठलं ते सप्टेंबरच्या मध्यावर. वाटेत दुसरीकडे वळलेल्या तुकड्या वजा केल्या, तरी निम्म्याहून जास्त माणसं तोवर गेलेली आहेत. उन्हाने, उपासमारीने, टायफसने, लढायांत. कित्येक तर फौज सोडून पळालेली.

परतीचा पट्टा काळा. त्याच्या खाली तापमानाचा आलेख, तेव्हाच्या रेओम्यूर अंशांत. ६ डिसेंबरला उणे ३०, आपल्या सेल्सिअसमध्ये उणे साडेसदतीस.

आणि ही बेरेझिना नदी. अलीकडे आकडा ५०,०००, पलीकडे २८,०००. मधे फक्त एक बारीक रेघ. बर्फाळ पाण्यात उभं राहून सैनिकांनी इथे घाईघाईने लाकडी पूल उभारले होते. जन्मभर पुलांचा हिशेब केलेल्या माणसाने हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहिले. माझी नजर दर वेळी इथेच अडते.

काळी रेघ पुन्हा नेमनपाशी येते. १०,०००. तांबूस पट्टा जिथे चार सेंटिमीटरचा होता, तिथेच खाली ही एक मिलिमीटरची रेघ.

नकाशा काढला त्याच्या पुढच्याच वर्षी प्रशियाची फौज पॅरिसवर चालून आली. ८९ वर्षांचा मिनार शहर सोडून बोर्दोला गेला. ऑक्टोबर १८७० मध्ये तिथेच वारला.