जाळीमागचा दिवा : क्योतोमधील गिओनचा एक दिवस आणि एक रात्र

(पहाट. शेंदरी द्वार, दगडी पायऱ्या, समोर रिकामा रस्ता.)

जपानच्या क्योतो शहरातील शिजो हा मोठा रस्ता पूर्वेकडे जिथे संपतो, तिथे काही पायऱ्या चढल्यावर यासाका देवस्थानाचे शेंदरी द्वार लागते. हे द्वार १४९७ साली उभारलेले आहे. त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले की समोर कामो नदीपर्यंत पसरलेला भाग दिसतो. हेच गिओन.

हे नाव ऐकताना भारतीय माणसाने क्षणभर थांबावे, कारण त्याचा उगम आपल्याकडचा आहे. श्रावस्तीच्या जेत राजकुमाराकडून अनाथपिंडिकाने विकत घेऊन बुद्धाला अर्पण केलेले जेतवन चीनमार्गे जपानी भाषेत पोहोचले, तेव्हा त्याचे ‘गिओन’ झाले. गिओन म्हणजे जेताची बाग. त्या विहाराचा रक्षक मानलेला आणि रोगराईवर सत्ता असलेला देव येथे पुजला जात असे. १८६८ मध्ये सरकारी आदेशाने शिंतो हा जपानचा मूळ धर्म आणि बौद्ध धर्म यांच्या उपासना वेगळ्या केल्या गेल्या, त्यानंतर देवस्थानाचे नाव यासाका झाले. भोवतालच्या वस्तीने मात्र जुनेच नाव टिकवले.

८६९ साली देशात साथ पसरली असताना, जपानच्या ६६ प्रांतांची खूण म्हणून ६६ भाले उभारून प्रार्थना करण्यात आली. जुलै महिनाभर चालणाऱ्या गिओन उत्सवाची सुरुवात तिथून मानली जाते. १७ आणि २४ जुलैला निघणारे उंच रथ नदीपलीकडच्या व्यापारी पेठांचे असतात. त्या रथांवर जे जुने गालिचे झळकतात, त्यांपैकी काही भारतात विणलेले आहेत आणि त्यांतले काही तर दख्खनच्या विणकरांच्या हातचे असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. कोणत्या गावच्या मागावरून निघून, किती जहाजे बदलून ते येथवर आले असतील, या विचाराने मन भारावून जाते.

(सकाळ. हानामिकोजी रस्ता, दुकानांसमोर पाणी शिंपडलेले.)

देवदर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंना घोटभर चहा मिळावा म्हणून देवस्थानाच्या वाटेवर टपऱ्या उभ्या राहिल्या. पुढे चहाबरोबर खाणे आले, मद्य आले, गाणे आणि नाच आला, आणि साध्या चहाच्या टपरीची ‘ओचाया’ झाली. शब्दशः अर्थ चहाघर असला, तरी आजच्या ओचायात कोणी चहा प्यायला जात नाही. ते निवडक पाहुण्यांसाठी मैफल मांडण्याचे घर आहे.

हानामिकोजी रस्त्याने दक्षिणेकडे चालू लागलो की दोन्ही बाजूंना दुमजली लाकडी घरे लागतात. खालच्या मजल्याला बारीक लाकडी पट्ट्यांची जाळी असते, वर वेताचे किंवा बांबूचे पडदे सोडलेले असतात आणि भिंतीच्या पायथ्याशी बांबूच्या कामट्यांचे बाकदार कुंपण टेकवलेले असते, ज्यामुळे पावसाचा चिखल आणि कुत्र्यांचा उपद्रव भिंतीपर्यंत पोहोचत नाही. रस्त्यावरून घर अरुंद वाटते, पण ते आत खूप लांबवर गेलेले असते. येथील लोक अशा घराला ‘ईल माशाचे अंथरूण’ म्हणतात. त्या लांबीत उजेड आणि वारा यावा म्हणून मध्ये एक चिमुकले अंगण सोडलेले असते. जाळीला आणि भिंतींना दिसणारा तांबूस रंग लोहभस्माचा असून त्याला जपानीत ‘बेंगारा’ म्हणतात, आणि हा शब्द बंगालवरून आलेला आहे.

शिजो आणि हानामिकोजी जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावरची तांबड्या भिंतीची इमारत म्हणजे इचिरिकी हे नामांकित ओचाया. आपल्या धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या ४७ सामुराईंचा नेता ओइशी कुरानोसुके शत्रूला गाफील ठेवण्यासाठी येथेच चैनीत रमल्याचे सोंग करीत असे, अशी कथा सांगितली जाते. दिवसा हे दार बंद असते. भिंतीचा रंग पाहावा आणि पुढे जावे.

रस्त्याच्या दक्षिण टोकाला केन्निनजी मठ आहे. एइसाई या भिक्षूने १२०२ साली स्थापन केलेला हा क्योतोमधील झेन या ध्यानप्रधान बौद्ध पंथाचा सर्वांत जुना मठ. चीनहून परतताना एइसाईने चहाचे बी आणले, चहाच्या गुणांवर ग्रंथ लिहिला आणि जपानमध्ये चहा रुजवण्यात मोठा वाटा उचलला. चहाघरांची वस्ती आणि चहाचा पुरस्कर्ता भिक्षू एकमेकांच्या शेजारी असावेत, हा योगायोग मला फार सुंदर वाटतो. मठाच्या सभागृहाच्या छतावर दोन प्रचंड ड्रॅगन आहेत. मठाला ८०० वर्षे झाली त्या निमित्ताने, २००२ मध्ये, चित्रकार कोइझुमी जुन्साकू यांनी ते काढले. हानामिकोजीच्या या दक्षिण भागाची जमीन पूर्वी याच मठाची होती आणि मेइजी काळात (१८६८ ते १९१२) ती मठाच्या हातून गेली.

(दुपार. बंद दारामागून शामिसेन या तीन तारांच्या वाद्याचे सूर.)

गिओनमधील दुपार शिकण्याची असते. येथील कलावंतीण स्वतःला गेइशा न म्हणता ‘गेइको’ म्हणवते आणि शिकाऊ मुलीला ‘माइको’ म्हणतात. पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळेचे शिक्षण संपवून आलेली मुलगी ‘ओकिया’ नावाच्या घरात राहते आणि साधारण पाच वर्षे नृत्य, शामिसेन, गायन, चहाचा विधी, क्योतोची मृदू बोली आणि पाहुण्यांसमोरची वागणूक शिकते. माइकोची केशरचना तिच्या स्वतःच्या केसांची असते, गेइको केसांचा टोप घालते. माइकोचा कमरपट्टा पाठीवरून जवळजवळ घोट्यांपर्यंत लोंबतो. या स्त्रियांविषयी जगभर जे उथळ बोलले जाते, ते ऐकताना वाईट वाटते, कारण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग रियाजात जातो.

गिओन कोबू या येथील प्रमुख विभागात नृत्याची एकच परंपरा चालते, ती इनोउए घराण्याची. राजधानी टोकियोला गेल्यावर ओस पडू लागलेल्या क्योतोला उभारी यावी म्हणून १८७२ मध्ये भरवलेल्या प्रदर्शनाच्या वेळी ‘मियाको ओदोरी’ हा सामूहिक नृत्याचा कार्यक्रम प्रथम झाला आणि त्याची नृत्यरचना तिसऱ्या इनोउए याचियो यांनी केली. तो आजही वसंत ऋतूत होतो. पाचव्या इनोउए याचियो यांना २०१५ मध्ये जपानने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान दिला. ज्याला ओचायाचे दार उघडत नाही, त्याला हे नृत्य तिकीट काढून पाहता येते.

(तिन्हीसांजा. शिराकावा ओढा, विलोच्या फांद्या, एकेक दिवा लागताना.)

शिजोच्या उत्तरेला शिराकावाचा उथळ ओढा वाहतो. त्याच्या काठची शिम्बाशी ही गल्ली १८६५ च्या आगीत जळाली आणि त्यानंतर बांधलेली घरे आज आपल्यासमोर आहेत. १९७६ साली हा भाग संरक्षित वास्तुसमूह म्हणून जाहीर झाला.

परंतु ओढ्याची एक बाजू मोकळी दिसते, त्यामागे युद्ध आहे. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून १९४५ मध्ये या काठची घरे पाडण्यात आली. त्यांत एक ओचाया होते आणि कवी योशिई इसामू तिथे नेहमी येत असत. झोपेतही उशीखालून पाणी वाहते, म्हणून आपल्याला गिओन प्रिय आहे, अशा आशयाची त्यांची कविता आहे. घर गेले, १९५५ मध्ये त्या जागी त्यांच्या कवितेची शिळा उभारली गेली आणि दरवर्षी ८ नोव्हेंबरला गेइको आणि माइको तिच्यापुढे शेवंतीची फुले ठेवतात. क्योतोवर मोठा हल्ला झाला नाही, त्यामुळे ती घरे पाडली नसती तर आज उभी असती, हा विचार येथे उभे असताना मनातून जात नाही.

अंधार पडू लागतो तशी दिवसा केवळ लाकूड वाटणारी जाळी बदलते. दिवसा आतले माणूस बाहेर पाहू शकते, पण बाहेरच्याला आत दिसत नाही. रात्री आतला दिवा पट्ट्यांमधून गाळून रस्त्यावर येतो आणि वरच्या पडद्यावर क्वचित एखादी सावली हलते. आपल्या वाट्याला येते ते एवढेच. ओचायात अनोळखी पाहुण्याला प्रवेश नसतो, कारण बाहेरून मागवलेल्या जेवणापासून गाडीपर्यंतचा सारा खर्च घर आधी करते आणि हिशेब नंतर पाठवते. हा व्यवहार ओळखीवर आणि विश्वासावर चालतो. त्यात तुच्छता शोधू नये.

(रात्र. हानामिकोजी, लाल कंदिलांवर गोल माळेचे पांढरे चिन्ह.)

कामावर निघालेल्या माइकोला गाठून, वाट अडवून, बाहीला हात लावून छायाचित्रे काढण्याचे प्रकार वाढले, तेव्हा २०१९ मध्ये रहिवाशांनी खासगी गल्ल्यांमध्ये छायाचित्रणास मनाई करून १०,००० येन दंडाचे फलक लावले. २०२४ मध्ये काही गल्ल्यांत पर्यटकांना प्रवेशच बंद झाला. मला ही मनाई सर्वस्वी योग्य वाटते. म्हणून या क्षणी आमचा कॅमेरा जमिनीकडे वळलेला आहे आणि आपल्याला फक्त ओल्या दगडी फरसबंदीवर पडलेला कंदिलाचा प्रकाश दिसतो आहे. ऐकू येणारा पोकळ, ठेक्यातला आवाज माइकोच्या उंच लाकडी पादत्राणांचा आहे.

(मध्यरात्र. पुन्हा देवस्थान, नृत्यमंचाभोवती कंदिलांच्या रांगा.)

यासाका देवस्थान रात्रीही बंद होत नाही. नृत्यमंचाच्या चारही बाजूंना टांगलेल्या शेकडो कंदिलांवर दुकानांची आणि ओचायांची नावे असतात, आणि दिवसभर ज्या पाट्या आपण दारांवर वाचल्या, त्यांतल्या काही येथे पुन्हा भेटतात.

वर्षाच्या शेवटच्या रात्री येथे पवित्र अग्नी पेटवतात. औषधी मुळ्या घातलेल्या त्या अग्नीवर लोक दोरीचे टोक पेटवून घेतात आणि ठिणगी विझू नये म्हणून दोरी गोल फिरवत घराकडे चालत जातात. त्या विस्तवावर नववर्षाचे पहिले अन्न शिजते. उरलेली दोरी स्वयंपाकघरात टांगून ठेवतात, घराला आग लागू नये म्हणून.