समुद्राला सातबारा नसतो

[दृश्य : पहाटेचा मेन रोड, गाड्यांची रांग]

मुंबईत दुपारचे साडेतीन झालेले असतात, तेव्हा इथे सकाळचे सहा वाजतात. हे शगवानस. नकाशावर ‘चगुआनास’ असं दिसेल, पण इथल्या माणसासमोर तसं म्हणालात तर तो हसून दुरुस्त करेल. कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटाच्या पश्चिम अंगाला, राजधानी पोर्ट ऑफ स्पेनपासून वीस किलोमीटरच्या आत वसलेलं हे गाव. गाव म्हणायचं ते सवयीनं. आज देशातल्या सगळ्यांत जास्त वस्तीच्या शहरांत त्याची गणना होते. अंगावर हिरवा पट्टा ओढलेली वडापं, इथल्या भाषेत मॅक्सी टॅक्सी, राजधानीकडे निघालीत. पण ऑफिस गाठायच्या आधी निम्म्या लोकांना एक गाडी गाठायचीय.

[दृश्य : डबल्सची गाडी, विक्रेत्याचे हात जवळून]

या हातांकडे बघा. तळहातावर पातळ कागद. त्यावर हळदीनं पिवळा झालेला, तळलेला, मऊसूत ‘बारा’, म्हणजे पुरीसारखी छोटी पोळी. त्याला जरासा सरकवून दुसरा. वर पळीभर चन्ना, म्हणजे शिजून शिजून मोडलेले काबुली चणे. मग किसलेली काकडी, चिंचेची चटणी, कुचेला, म्हणजे किसलेल्या कैरीचं लोणचं. आणि मग एकच प्रश्न : पेपर किती? पेपर म्हणजे इथल्या गोल मिरचीची चटणी. ‘स्लाइट’ म्हणालात तरी नाक वाहायला लागतं. कागदाची टोकं पिळली, पुडी हातात दिली, पुढचं गिऱ्हाईक. बसायला काही नाही. उभ्यानं खायचं, बोटं चाटायची, चालू लागायचं.

हे डबल्स. जन्म दक्षिणेकडच्या प्रिन्सेस टाउनमधला, 1930 च्या दशकातला. बनवणारं कुटुंब भारतीय वंशाचं होतं, पण आता हा पदार्थ कुणा एकाचा राहिलेला नाही. रांगेत आफ्रिकन वंशाचा पोलीस आहे, चिनी दुकानदार आहे, देवळातून थेट आलेला पंडित आहे. या देशात सगळे एका रांगेत उभे राहतात अशा जागा फार नाहीत, त्यामुळे ही रांग नीट बघून घ्या.

[दृश्य : आकाशातून बेट, डावीकडे व्हेनेझुएलाचे डोंगर]

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा दोन बेटांचा देश. दोन्ही मिळून क्षेत्रफळ 5,128 चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढं. लोकसंख्या सुमारे 14 लाख. दक्षिण अमेरिका इतकी जवळ की पश्चिमेच्या टोकावरून व्हेनेझुएलाचा किनारा दिसतो. कॅरिबियनमधली चक्रीवादळं बहुतेक वेळा उत्तरेकडून निघून जातात. आणि पर्यटनाच्या जाहिरातीतलं कॅरिबियन, पांढरी वाळू, झोपाळे, नारळपाणी, ते मुख्यतः टोबॅगोत. त्रिनिदादचं पोट तेल आणि नैसर्गिक वायूवर चालतं. ला ब्रे इथे तर डांबराचं अख्खं तळं आहे, सुमारे 100 एकरांचं. त्यावरून चालता येतं.

कोलंबस इथे 1498 मध्ये आला. तीनशे वर्षं स्पेनचा अंमल, मग 1797 मध्ये इंग्रज. मळे उसाचे आणि कोकोचे, राबणारे आफ्रिकेतून आणलेले गुलाम. 1838 मध्ये ते खऱ्या अर्थानं मोकळे झाले आणि ज्या मळ्यांवर चाबूक खाल्ला तिथे त्याच मजुरीत पुन्हा राबायला त्यांनी नकार दिला. का राबावं? मळेवाल्यांनी मग स्वस्तातले हात शोधायला जगाचा नकाशा उघडला. 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज कलकत्त्याहून इथे पोचलं. दोनशेच्या वर माणसं त्यात होती. 1917 मध्ये ही पद्धत बंद होईपर्यंत सुमारे 1,44,000 भारतीय या बेटावर उतरले. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशचे, काही मद्रासकडचे.

करार पाच वर्षांचा. मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर चिठ्ठी हवी. नसेल तर कोर्ट, दंड, तुरुंग. दहा वर्षं काढली की परतीच्या प्रवासाचा हक्क. इथे सरकारनं एक हिशेब मांडला. माणसं परत पाठवायला जहाजाचा खर्च येतो, आणि गेलेल्यांच्या जागी नवी आणायला पुन्हा खर्च. त्यापेक्षा जमीन द्या. 1869 ते 1880 या काळात परतीचं तिकीट सोडणाऱ्याला सरकारी जमीन मिळू लागली, सुरुवातीला 10 एकर. गावाकडे ज्याच्या नावावर कधी गुंठाभर नव्हता, त्याच्यासमोर दहा एकर! पुष्कळांनी तिकीट सोडलं.

शगवानसच्या आसपासची गावं ही अशी वसत गेली.

[दृश्य : लायन हाऊसचा दर्शनी भाग]

मेन रोडवरच्या दुकानांच्या गर्दीत ही पांढरी इमारत एकदम वेगळी दिसते. जाडजूड खांब, वर सिंह. लायन हाऊस. गोरखपूरकडून मजूर म्हणून आलेल्या पंडित कपिलदेव यांनी 1926 मध्ये ती बांधली. त्यांचा नातू विद्याधर सूरजप्रसाद नायपॉल, जन्म शगवानसचाच, 1932 चा. शिष्यवृत्तीवर 1950 मध्ये तो ऑक्सफर्डला गेला आणि पुन्हा इथे राहायला आला नाही. 2001 मध्ये नोबेल मिळालं. त्याच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीतलं ते माणसांनी खच्चून भरलेलं, सासुरवाडीचं, गुदमरवणारं घर म्हणजे हेच. नायपॉलनं त्रिनिदादबद्दल कडवट लिहिलं, इथल्या लोकांनी त्याबद्दल त्याला बोलही लावले. घर मात्र उभं आहे. समोर थांबून फोटो काढणारे बहुतेक बाहेरचे असतात. गावातली माणसं पार्किंग शोधत असतात.

शेजारच्या फेलिसिटी गावाची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. हे रामलीलेचं गाव. सेंट लुशियाचे कवी डेरेक वॉलकॉट एका संध्याकाळी ती पाहायला आले होते. धनुष्यं घेतलेली पोरं, मैदानात बांबूचा उभा पुतळा, मागे उसाचं रान. 1992 मध्ये स्टॉकहोमला नोबेलचं व्याख्यान देताना त्यांनी या फेलिसिटीपासूनच सुरुवात केली, आणि एक गोष्ट मान्य केली. आपण तिथे हरवलेल्या भारताचे अवशेष बघायला गेलो होतो. समोरची माणसं मात्र मजेत होती. त्यांनी जो भारत कधी पाहिलाच नाही, तो त्यांच्यापासून हरवला असं कसं म्हणायचं?

आपल्याकडून येणारा पाहुणा हमखास इथेच अडखळतो. घरापुढे बांबूवर फडकणाऱ्या लाल-पिवळ्या झेंड्या दिसल्या, ‘आजी’ अशी हाक कानावर आली, बाजारात ‘भाजी’ आणि ‘गीरा’ म्हणजे जिरं मिळालं, की तो गहिवरतो : बघा, किती जपलंय! जपलंय, हे खरंच. पण त्याहून जास्त घडवलंय. दिवाळीला इथे बांबू चिरून, वाकवून त्याच्या कमानी, मोर, पायऱ्या उभ्या करतात आणि त्यावर हजारो मातीच्या पणत्या लावतात. हे बांबूकाम फेलिसिटीच्या माणसांचं स्वतःचं आहे. पणत्या जवळच्या चेस व्हिलेजमधल्या कुंभारांच्या. 1966 पासून दिवाळीची राष्ट्रीय सुट्टी आहे, आणि 1986 पासून शगवानसला दिवाळीनगर भरतं.

[दृश्य : वॉटरलूचा किनारा, ओहोटी, चिखल, दूरवर देऊळ]

आता थोडं दक्षिणेला, वॉटरलूला. ही गोष्ट सावकाश सांगायला हवी.

शिवदास साधू हा उसाच्या मळ्यातला मजूर. लहानपणी आईवडिलांबरोबर भारतातून आलेला. पैसे साठवून तो जहाजानं भारतात तीर्थयात्रा करून आला आणि आपल्या गावात देऊळ बांधायचं त्याच्या मनानं घेतलं. 1947 मध्ये त्यानं समुद्रकाठच्या एका मोकळ्या तुकड्यावर बांधायला सुरुवात केली. तुकडा मोकळा होता, बेवारस नव्हता. मालकी साखर कंपनीची. देऊळ उभं राहिलं, लोक पूजेला येऊ लागले, आणि कंपनीनं ते हटवायला सांगितलं. त्यानं नकार दिला. 1952 मध्ये देऊळ पाडलं गेलं. साधूला दंड झाला, वर 14 दिवसांची कैद.

तुरुंगातून सुटल्यावर त्यानं सरळ हिशेब केला. जमीन कंपनीची. ठीक. समुद्र कोणाचा? समुद्राला सातबारा नसतो.

[दृश्य : जुनी सायकल, दगड, पाण्याच्या रेषेवरचा बांध]

त्याच्याकडे एक सायकल होती. मागे दगड बांधायचे, हँडलला बादली लटकवायची, ओहोटीची वेळ धरायची आणि चिखलातून आत जायचं. पिंपात दगड आणि सिमेंट भरायचं, ते पाण्यात उभं करायचं. भरती आली की परत. काही हसले, काहींनी वेडा म्हटलं. तो वर्षानुवर्षं भर टाकत राहिला. किनाऱ्यापासून सुमारे 500 फूट आत, पारियाच्या आखातात, एकट्या माणसानं जमीन तयार केली आणि तिच्यावर देऊळ बांधलं. लाटांनी ते पुढे पुष्कळ ढासळलं. साधू गेल्यावर, भारतीयांच्या आगमनाला 1995 मध्ये 150 वर्षं होत होती त्या निमित्तानं, सरकारी मदतीनं ते नव्यानं उभं राहिलं. ज्या व्यवस्थेनं त्याला कैद दिली, तिच्या वारसांनी देऊळ बांधून दिलं, असंही म्हणता येईल. किनाऱ्यावर आता त्याचा पुतळा आहे. बाजूला स्मशान. देवळाकडे जाणारे आणि अस्थी विसर्जनाला आलेले, दोघांचा रस्ता इथे एकच.

तिथून जवळ कारापिचैमाला दत्तात्रेयाचं मंदिर आहे. वाडी-औदुंबर करणाऱ्या माणसाला इतक्या लांब दत्त भेटला की बरं वाटतं. पण बघणाऱ्याची नजर आधी जाते ती बाहेर उभ्या असलेल्या 85 फुटी हनुमानाकडे.

[दृश्य : स्टीलपॅनचा सराव, रात्र]

एवढं ऐकून त्रिनिदाद म्हणजे छोटा भारत असं वाटलं असेल, तर ते चूक. भारतीय वंशाचे लोक सुमारे 35 टक्के, आफ्रिकन वंशाचेही जवळपास तेवढेच, बाकी बहुतेक मिश्र. तेलाची रिकामी पिंपं ठोकून सुरात आणायची आणि त्यातून वाद्यवृंद उभा करायचा, ही पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांची करामत. स्टीलपॅन आज देशाचं राष्ट्रीय वाद्य आहे. 2025 मध्ये देशाच्या राजचिन्हावरून कोलंबसची तीन जहाजं काढून तिथे स्टीलपॅन घ्यायचं कायद्यानं ठरलं. उशीर झाला, पण झालं. कार्निव्हलबद्दल मी इथे बोलत नाही. त्याला दुसरा व्हिडिओ लागेल.

मतपेटीशी मात्र रांगा वेगळ्या होतात. एक पक्ष आफ्रिकन वंशाच्या लोकांचा, दुसरा भारतीयांचा, अशी ढोबळ वाटणी स्वातंत्र्यापासून, म्हणजे 1962 पासून चालत आलीय. 1995 मध्ये बासदेव पांडे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. कमला प्रसाद-बिसेसर 2010 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये.

क्रिकेटमध्येही हा ताण कधीकधी वर येतो : भारताचा संघ आला की टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? 1971 च्या मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर हा प्रश्न फार टोकदार झाला असणार. कप्तान अजित वाडेकर. मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं शतक, 112. आणि पहिलाच कसोटी सामना खेळणारा सुनील गावसकर, 65 आणि नाबाद 67. वेस्ट इंडीजवर भारताचा तो पहिला कसोटी विजय. पुढच्याच महिन्यात याच मैदानावर गावसकरनं 124 आणि 220 काढले, तेव्हा इथल्या एका गायकानं त्याच्यावर कॅलिप्सोच रचला. हरवणाऱ्याचं गाणं करणारी माणसं! वानखेडेवर वर्षानुवर्षं मुंबईसाठी षटकार मारलेला कायरन पोलार्डही याच बेटावरचा, टकारिग्वाचा.

[दृश्य : शगवानसबाहेरचं मोकळं रान, मागे नवी वसाहत, मॉल]

हे रान उसाचं होतं. 2003 मध्ये सरकारनं आपली साखर कंपनी, कॅरोनी, बंद केली. तोटा इतका होता की वाचवणं अवघडच होतं. सुमारे 9,000 कामगार घरी बसले. त्यांना प्रत्येकी दोन एकर शेतजमीन भाडेपट्ट्यानं देण्याचं ठरलं. पणजोबाला दहा, पणतवाला दोन, तीही पट्ट्यानं. ती ताब्यात यायला वर्षं गेली. काहींनी वांगी, भेंडी, बोडी म्हणजे चवळीच्या शेंगा लावल्या; कित्येक तुकडे रस्ता-पाण्यावाचून पडून राहिले. बाकी रानावर घरं आली, कारखाने आले, मॉल आले. शगवानस श्रीमंत दिसायला लागलं ते याच वर्षांत. आणि घरांच्या खिडक्यांना जाड गज लागलेतही याच वर्षांत. 2024 मध्ये या एवढ्याशा देशात 600 हून जास्त खून झाले. वर्षाच्या अखेरीस आणीबाणी लागली. दुकानदार रात्री लवकर शटर ओढतात, ते झोप येते म्हणून नव्हे.

म्हणून पोरं बाहेर निघालीत. टोरंटोला, न्यूयॉर्कच्या क्वीन्सला. तिथला पंजाबी टॅक्सीवाला त्यांचं आडनाव, महाराज किंवा रामपरसाद, ऐकून विचारतो, इंडियात कुठले? त्यांना हा प्रश्न पाठ झालाय. इंडिया नाही, ट्रिनी. आजीनं खीर केली की फोनवर कृती विचारतात, आणि फेब्रुवारी आला की सुट्टी टाकतात. कार्निव्हलच्या आठवड्यात पिआर्को विमानतळावर उतरणारी विमानं खचाखच भरलेली असतात. परतीचं तिकीट तेव्हा काढायला गेलात तर भाव ऐकून चक्कर येते, म्हणून इथली शहाणी माणसं ते आदल्या वर्षीच काढून ठेवतात.