गांध्या उठतात तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. अंगावर पित्त उठलं की आपल्याकडं आमसूल चोळतात, वर घोंगडं देतात. आज त्या गांध्यांबद्दल बोलू.

माझ्या मामाचं शेत औसा तालुक्यात. येळवसेचा, म्हणजे वेळ अमावास्येचा दिवस. कडब्याची कोप, पाच पांडव, भज्जी, उंडे, आंबिल. आंबिल मातीच्या बिंदगीतलीच हवी बरं का! प्लॅस्टिकच्या बादलीतल्या आंबिलीला ती चवच नाही, हे मी कुठंही सांगेन. तर जेवणानंतर मामाच्या चौदा वर्षांच्या पोरानं विहिरीत उडी टाकली. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमटच असतं. पोहला, वर आला अन् ओल्या अंगानं वाऱ्याला बसला. बघता बघता पाठ, मांड्या लाल. आधी रुपयाएवढ्या, मग तळहाताएवढ्या गांध्या. मामी म्हणाली, "भज्जी बाधली." आजी म्हणाली, "आंबिल लई प्याला." झालं, पोराची आंबिल बंद!

पुढच्या थंडीत पहाटे मोटारसायकलवर बसला अन् पुन्हा तेच. तेव्हा लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवीत गुंडाळलेला बर्फाचा खडा त्याच्या हातावर पाच मिनिटं ठेवला. काढल्यावर थोड्या वेळानं तिथं बर्फाएवढीच चौकोनी गांधी फुगली. मामी बघतच राहिली. दोष थंडीचा होता.

आपल्या कातडीत रक्तवाहिन्यांच्या कडेनं मास्ट पेशी असतात, दाण्यांनी गच्च भरलेल्या. १८७८ साली जर्मनीत पॉल एर्लिख यांनी त्यांना हे नाव दिलं. खाऊन पुष्ट झालेल्या पेशी, असं त्यांना वाटलं. या दाण्यांत हिस्टामिन नावाचं रसायन असतं. ते बाहेर सांडलं की वाहिन्या पाझरतात, कातडी फुगते, खाज सुटते. म्हणजे गांधी पोटातल्या पित्तानं उठत नाही, मास्ट पेशींमुळं उठते. कुणाला थंडीनं, कुणाला अंगदुखीच्या गोळीनं; कित्येकदा कारण सापडतच नाही. काही लेकरांच्या अंगावरचे तपकिरी डाग चोळले की फुगतात, तिथंही याच पेशींची दाटी असते.

एकेक गांधी बहुधा चोवीस तासांत विरते. सहा आठवड्यांनंतरही नव्या उठत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. अन् ओठ-जीभ सुजली, दम लागला, तर आमसूल शोधू नका, १०८ ला फोन लावा. पुन्हा सांगतो, १०८.

थंडीनं गांध्या उठणाऱ्यानं विहिरीत उडी टाकू नये. भोवळ येऊन माणूस बुडू शकतो. मामाचं पोरगं आता काठावरच बसतं, अंगात स्वेटर. अन् मामी स्वतः बिंदगीतून त्याचा तांब्या भरते.