माजघरातला अंधार आणि गच्चीवरचे ऊन

(इंदूर येथील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर माझा विषय ‘सौरऊर्जेचा इतिहास आणि डोकेदुखीवरील नैसर्गिक उपाय’ असा छापला आहे, आणि आत येताना दोघातिघांनी मला विचारले की ही व्याख्याने दोन की एक. व्याख्यान एकच आहे. ज्यांच्या घरी अर्धशिशीचे माणूस आहे त्यांना ऊन आणि डोके यांचा संबंध समजावून सांगावा लागत नाही. त्यात आपले इंदूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सूर्य अक्षरशः आपल्या माथ्यावर येतो. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले, आणि माझे जे म्हणणे आहे ते आधीच सांगून टाकते, कारण पुढे वेळ किती उरेल ते अध्यक्षांच्या हाती आहे. ऊन कामाला लावायचे असो की ठणकणारे डोके उतरवायचे असो, या दोन्ही वाटांवर माणसाचे पाऊल पुढे पडले ते कोणीतरी घड्याळ पाहून लिहून ठेवले तेव्हाच.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतल्या एकाचे नाव आहे सूर्यावर्त. सूर्य उगवला की डोळ्यांत आणि भुवईत मंद कळ सुरू होते, सूर्य चढेल तशी ती चढत जाते आणि सूर्य कलू लागला की आपसूक उतरते, असे त्याचे वर्णन आहे. आता आजचे कान-नाक-घशाचे पाठ्यपुस्तक उघडा. कपाळाच्या हाडातील पोकळीला सूज आली तर दुखणे सकाळी उठल्यावर सुरू होते, दुपारी शिगेला पोहोचते आणि मग ओसरते, असे तिथेही लिहिलेले आहे. कचेरीच्या वेळेत दुखते म्हणून इंग्रजीत त्याला ‘ऑफिस हेडेक’ म्हणतात. ज्याने हे प्रथम पाहिले त्याच्याजवळ ना क्ष-किरण होते ना दुर्बीण. त्याने रोग्याजवळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून दुखण्याची वेळ टिपली. सूर्यावर्त या शब्दापुढे मी नतमस्तक होते ते या टिपणासाठी.

आता थोडे घरचे सांगते, कारण हा विषय मला पुस्तकात सापडलेला नाही. आमचे बिऱ्हाड रामबागेत एका जुन्या वाड्यात होते. आईला अर्धशिशी होती. महिन्यातून चारपाच दिवस तिचे डोके उठायचे, आणि मग माजघराची दारे लोटून, खिडकीला सतरंजी लावून ती उताणी पडून राहायची. आजी सहाणेवर पाण्याचे चार थेंब घालून सुंठ उगाळायची. त्या दगडाचा खरखर आवाजसुद्धा आईला सहन होत नसे, म्हणून आजी सहाण घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसे. लेप कपाळावर चढला की आधी चरचरायचा, मग वाळून त्याला भेगा पडायच्या आणि त्याचा पिवळसर भुगा उशीवर सांडायचा. माझ्या लहानपणाचा तो वास आहे. आणि पहाटेचा उपाय निराळा. आदल्या रात्री आईला चाहूल लागली असेल तर अण्णा, म्हणजे माझे वडील, अंधारातच सायकल काढायचे, राजवाड्याच्या बाजूला पहिली कढई चढली असेल तिथून गरम जिलबी आणायचे, आणि सूर्य उगवायच्या आत आईने ती कोमट दुधात बुडवून खायची. आपल्या गावात हा उपाय ठाऊक नाही असा माणूस या सभागृहात नसावा. बाकीचे इंदूर पोह्यांबरोबर जिलबी खाते, आमच्या घरी ती औषधाच्या वाटीत येत असे, आणि आम्ही भावंडे दाराआड उभी राहून ती वाटी संपूर्ण रिकामी होऊ नये अशी प्रार्थना करीत असू.

अण्णांना दुसरा नाद सौरचुलीचा. १९८० नंतरच्या दशकात सरकारी अनुदानावर ॲल्युमिनियमची पेटी मिळू लागली, तेव्हा ती घेणारे आमच्या गल्लीत तेच पहिले. पेटीला दुहेरी काच, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा आणि आत काळा रंग दिलेले चार डबे. काचेतून ऊन आत शिरते, काळा रंग ते पिऊन तापतो आणि ती धग दुहेरी काच बाहेर पडू देत नाही. ऊन चांगले असेल तर आतले तापमान शंभर अंशांच्या वर जाते आणि अडीचतीन तासांत वरण-भात होतो. मात्र सूर्य जसा सरकतो तशी पेटी फिरवावी लागते, आणि ते काम आईचे होते. तिथेच सगळे अडले. झाकणाच्या आरशावरून उडालेला कवडसा डोळ्यांवर आला की तिचे डोके उठे. म्हणून ज्या दिवशी आई माजघरात, त्या दिवशी गच्चीवर चूल फिरवायला मी. एकदा आरसा माझ्या हातून चुकीच्या कोनात राहिला आणि कवडसा थेट माजघराच्या खिडकीवर, सतरंजीच्या फटीतून आईच्या चेहऱ्यावर गेला. तिचा ‘अगं बाई गं’ मला गच्चीवर ऐकू आला. तो आवाज मी विसरलेले नाही.

अण्णा हिशेबी गृहस्थ. चुलीची वही ठेवायचे. तारीख, काय शिजवले, किती वाजता ठेवले, किती वाजता काढले, आभाळ कसे होते आणि चूल कोणी फिरवली. ‘तूरडाळ, तांदूळ. १०.२० ते १.०५. आभाळ स्वच्छ. चूल बेबीने फिरवली.’ बेबी म्हणजे मी. आई गेल्यावर कपाट आवरताना ती वही माझ्या हाती आली. अण्णांच्या अक्षराच्या ओढीने मी वाचत बसले, आणि तिसऱ्याचौथ्या पानावर ध्यानात आले की ही चुलीची वही नाही, ही आईच्या डोकेदुखीची वही आहे. ज्या दिवशी चूल बेबीने फिरवली, त्या दिवशी आई अंधारात पडलेली होती. तिचे दुखणे कोणीही लिहून ठेवले नव्हते आणि तरीही ते तारीखवार लिहिलेले होते.

मी पेन्सिलने खुणा करीत गेले. चैत्र-वैशाखात खुणा दाट होत्या, ते अपेक्षितच होते. परंतु माझ्या नावाच्या अर्ध्याहून अधिक दिवसांपुढे ‘काय शिजवले’ या रकान्यात ‘बटाटे, रताळी’ असे होते. रताळी म्हणजे उपास. आई एकादशीला आणि सोमवारी दुपारपर्यंत तोंडात काही घालीत नसे, आणि एकादशीला चहाही वर्ज्य करीत असे. वेळेवर न खाणे हे अर्धशिशी उठण्याचे सर्वमान्य कारण आहे, आणि रोज चहा पिणाऱ्याने तो एकाएकी सोडला तर बारा ते चोवीस तासांत डोके धरते, हेही डॉक्टरांना माहीत असते. आईने या दुखण्यासाठी एक मोठा दवाखाना केला होता. तिथे तिला दोन मिनिटांत सांगण्यात आले की तुम्ही फार मनाला लावून घेता, आणि गोळ्या लिहून दिल्या. ‘डोके कधी उठते, त्याआधी काय खाल्ले होते’ हे तिला कोणी विचारले नाही. त्या दोन मिनिटांचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही. पहाटेच्या जिलबीने आईला बरे वाटे, त्याचे श्रेय साखरेचे की दुधाचे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. माझा अंदाज असा की रिकामे पोट पहाटेच भरले जाई, हाच त्यातला मुख्य गुण असावा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पंधरा मिनिटे उरली आहेत आणि सौरऊर्जेचा इतिहास अजून सुरू व्हायचा आहे. तेव्हा वेगाने जाऊ.

१८३९ मध्ये एडमंड बेकेरेल या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच मुलाला दिसले की आम्लात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला की वीज वाहते. १८७३ मध्ये विलोबी स्मिथ समुद्राखालच्या तारांची चाचणी घेत असताना सेलेनियमवर प्रकाशाचा परिणाम होतो असे त्याच्या नोंदीत आले. १८८३ मध्ये चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमवर सोन्याचा पातळ थर देऊन पहिला सौरघट केला. पडलेल्या उन्हापैकी जेमतेम एक टक्क्याची वीज होत होती. याच सुमारास आपल्या मुंबईत एक गोष्ट घडत होती, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही याचे मला वाईट वाटते. मुंबई उच्च न्यायालयात नोकरीला असलेल्या विल्यम ॲडम्स या इंग्रजाने कुलाब्यात सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून बॉयलर तापवला आणि अडीच अश्वशक्तीचा पंप उन्हावर चालवून दाखवला. १८७८ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले आणि उष्ण देशांत लाकूड-कोळशाऐवजी ऊन वापरावे असा आग्रह धरला. त्याने उन्हावर स्वयंपाकही करून पाहिला होता. अण्णांची पेटी याच घराण्यातली.

वीज करण्याचा प्रश्न सुटला १९५४ मध्ये, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. डॅरिल चॅपिनपुढचा प्रश्न आपल्यासारख्या उष्ण, दमट मुलुखांतलाच होता: तिथे टेलिफोनच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत. त्याने सेलेनियम मोजून पाहिले तर अर्धा टक्काही धड मिळेना. सहकारी जेराल्ड पिअरसनने त्याला सिलिकॉन घ्यायला सांगितले, कॅल्विन फुलरने त्यात नेमकी अशुद्धी कशी मिसळायची ते बसवले, आणि सहा टक्क्यांचा घट तयार झाला. त्या उन्हाच्या विजेवर त्यांनी खेळण्यातला जत्रेचा पाळणा फिरवून दाखवला. बेकेरेलपासून तिथवर ११५ वर्षे गेली. चॅपिनने दर खेपेला आत किती ऊन आले आणि बाहेर किती वीज आली याचा हिशेब मांडला नसता, तर आणखी किती गेली असती कोण जाणे. १९५८ मध्ये व्हॅनगार्ड उपग्रह हेच घट घेऊन वर गेला. आज आपल्याच रेवा जिल्ह्यात ७५० मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे, आणि जलूदहून नर्मदेचे पाणी इंदूरपर्यंत चढवणाऱ्या पंपांच्या विजेसाठी आपल्या महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोख्यांतून २४४ कोटी रुपये उभे केले. छतावर पॅनेल बसवलेल्यांसाठी एकच सांगते: पॅनेलला उजेड हवा असतो, धग नको असते. २५ अंशांच्या वर दर अंशाला त्याचे उत्पादन साधारण ०.३ ते ०.५ टक्क्याने घटते. म्हणून ते छताला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या. डोके तापलेले त्यालाही मानवत नाही.

राहिले उपाय. सुंठीवर इराणमधल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये अर्धशिशीच्या शंभर रोग्यांवर प्रयोग केला, आणि पाव ग्रॅम सुंठपूड सुमाट्रिप्टान या नेहमीच्या औषधाच्या जवळपास उतरली. ती पोटात घेतलेली सुंठ आहे. आजीच्या लेपाचे मोजमाप त्यात नाही. पुदिन्याच्या तेलातले मेंथॉल कातडीतल्या गारवा जाणणाऱ्या तंतूंना जागे करते. जर्मनीत १९९६ मध्ये ताणाच्या डोकेदुखीवर कपाळाला चोळलेले हे तेल पॅरासिटामॉलच्या तोडीचे ठरले. मुंबईत १८९३ मध्ये सुरू झालेले अमृतांजन मेंथॉलच्याच घराण्यातले. आपल्या वाळुंजाच्या जातीच्या युरोपातल्या झाडाच्या सालीतून १८२८ मध्ये सॅलिसिन वेगळे काढले गेले, आणि त्याच वाटेने पुढे १८९७ मध्ये ॲस्पिरिन हाती आले. मात्र साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस किंवा अधिक, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर गोळ्यांनीच डोके दुखू लागते. आणि डोके एकाएकी कधी नव्हे इतके भयंकर उठले, किंवा तापाबरोबर मान ताठली, तर सहाण बाजूला ठेवा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

शेवटी आईचा अंधार. डोळ्याच्या पडद्यात मेलॅनोप्सिन नावाचे द्रव्य असलेल्या काही पेशी असतात. त्या निळसर प्रकाशाने सर्वाधिक चेतवल्या जातात, आणि दिसत नसलेल्या माणसाचीही अर्धशिशी त्यांच्यामुळे उजेडात वाढते, हे २०१० मध्ये दाखवले गेले. म्हणजे खिडकीला लावलेली ती सतरंजी शास्त्रशुद्ध होती. हिरवा मंद उजेड त्या मानाने कमी त्रास देतो, असेही पुढे आढळले. घरात असे माणूस असेल तर आज रात्रीच एक साधी वही घ्या आणि पाच रकाने आखा: डोके किती वाजता उठले, किती वाजता उतरले, आधीचे जेवण कधी झाले, झोप किती झाली, आणि त्या दिवशी उन्हात किती होता. तीन महिन्यांनी ती वही घेऊन डॉक्टरांपुढे किंवा वैद्यांपुढे बसा.

अण्णांची वही मी बरोबर आणली आहे. ती त्या टेबलावर, हार ठेवले आहेत त्याच्या शेजारी आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर पाहावी. कागद जुना झाला आहे, पाने कोपऱ्याला न धरता मधून उलटावीत. पेन्सिलच्या खुणा माझ्या आहेत.